कंट्री गाण्यात आयुष्य कसं उतरतं: काय घ्यायचं, काय बदलायचं, काय गाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मूळचा निफाडकडचा, सध्या टेक्सासात नोकरीला. कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या धाटणीचं संगीत मनापासून ऐकतो, गिटार वाजवतो, इंग्रजीत गाणी लिहून बघतो. गायिका लोरेटा लिनचे वडील खाणकामगार होते, गायक मर्ल हॅगर्ड तुरुंगात जाऊन आला. माझ्या आयुष्यात तसं काहीच घडलेलं नाही. घरी वडिलांची द्राक्षबाग आहे. गारपिटीत ती गेली त्यावर एक गाणं लिहिलं, पण ऐकणारे म्हणतात की वाचायला बरं आहे, गाणं वाटत नाही. या लोकांच्या गाण्यात आयुष्य नेमकं येतं कसं?"

यातली एक समजूत आधी बाजूला ठेवू. आयुष्य जितकं खडतर तितकं कंट्री गाणं अस्सल, असं पुष्कळांना वाटतं. तसं असतं तर पूर्व केंटकीच्या खाणवस्त्यांमधून शेकड्यांनी लोरेटा लिन निघाल्या असत्या. गायक-गीतकार जॉनी कॅशचं उदाहरण घ्या. 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' (1955) हे तुरुंगावरचं बहुधा सगळ्यात गाजलेलं कंट्री गाणं. ते सुचलं तेव्हा तो अमेरिकी हवाई दलात होता, जर्मनीत लँड्सबर्गला, आणि निमित्त होतं फॉल्सम तुरुंगावरच्या एका सिनेमाचं. शिक्षा होऊन तो कधीच तुरुंगात राहिला नाही. पुढे काही वेळा रात्रभर कोठडीत बसावं लागलं, तेवढंच. पण घरापासून दूर, नेमणूक संपेपर्यंत हलता येत नाही आणि बाकीचं जग मात्र मजेत चाललंय, ही घुसमट त्याला ठाऊक होती. माझ्या मते तीच त्याने त्या कैद्याला दिली.

अनुभवातून गाण्याला खऱ्या अर्थाने दोन गोष्टी मिळतात. एक, बोलणाऱ्याची भूमिका: कोण, कोणाला, कुठल्या नात्याने बोलतंय. दुसरी, ज्याने ते पाहिलं त्यालाच सुचेल असा तपशील. या दोन जागी खोटेपणा आला की ऐकणाऱ्याला लगेच कळतं. घटना, नाव, गाव, वर्ष, शेवट, हे सगळं बदललं तरी चालतं, आणि मोठ्या गीतकारांनी ते बेधडक बदललेलं आहे.

भूमिकेचं आधी बघू, कारण नवशिक्यांची बहुतेक गाणी इथेच पडतात. नवऱ्याच्या मागे लागलेली दुसरी बाई, हा एकच विषय घ्या. लोरेटा लिन सांगायची की एका कार्यक्रमाआधी एक बाई रडत तिच्याकडे आली. नवरा दुसऱ्या बाईला घेऊन आलाय आणि दोघं पुढच्या रांगेत बसलेत, असं तिने सांगितलं. लोरेटाने पडद्याआडून त्या दुसरीला न्याहाळलं आणि हिला म्हणाली की तिच्यात तुझा नवरा पळवण्याएवढा दम नाही. ते वाक्यच 'यू एंट वुमन इनफ' (1966) या गाण्याचं शीर्षक झालं. म्हणजे अनुभव दुसऱ्या बाईचा, वाक्य मात्र स्वतःच्या तोंडचं. दोन वर्षांनी आलेल्या 'फिस्ट सिटी'त तिने स्वतःच्या नवऱ्यामागे लागलेल्या बाईला सरळ दम दिला. आणि गायिका-गीतकार डॉली पार्टनने 'जोलीन'मध्ये (1973) त्याच प्रसंगातल्या दुसऱ्या बाईपुढे हात जोडले. ती भांडत नाही, नवऱ्याला बोल लावत नाही. तुझ्या रूपापुढे माझा टिकाव लागणार नाही हे कबूल करून विनवते. विषय एक, भूमिका तीन, आणि गाणी एकमेकांच्या आसपासही जात नाहीत. लोरेटा तोंडाळ आणि निडर होती, म्हणून तिच्या गाण्यात ते आलं. डॉलीने स्वतःला कमीपणा घेण्याचं धाडस केलं, म्हणून 'जोलीन' अजून अंगावर येतं.

म्हणून पहिली ओळ लिहायच्या आधी कागदाच्या माथ्यावर चार उत्तरं लिहा: बोलतंय कोण, कोणाशी, केव्हा, आणि समोरच्याने काय करावं म्हणून. चौथं उत्तर बहुतेक जण सोडून देतात. पण समोरच्याकडून काही हवंय म्हणूनच माणूस तोंड उघडतो. 'माझ्या वडिलांचं फार नुकसान झालं' यात कोणाकडून काहीच मागितलेलं नाही. ती बातमी झाली. तुमचं गाणं 'वाचायला बरं' वाटतं त्याचं पहिलं कारण हेच असावं.

आता तपशील. लोरेटा लिनचं 'कोल मायनर्स डॉटर' 1969 मध्ये रेकॉर्ड झालं आणि 1970 मध्ये बाजारात आलं. ते सावकाश, कागद-पेन घेऊन ऐका. बुचर हॉलर नावाच्या डोंगरघळीतली झोपडी, व्हॅन लिअरच्या खाणीत रात्रपाळी करणारा बाप, कपडे घासायच्या फळीवर बोटांतून रक्त येईपर्यंत धुणं धुणारी आई, रात्री रॉकेलच्या दिव्यापाशी बायबल वाचणं, उन्हाळ्यात अनवाणी पाय. आणि हिवाळा आला की पोस्टाच्या कॅटलॉगमधून मागवलेले नवे बूट, त्यासाठी पैसा आला डुक्कर विकून. हा शेवटचा तपशील नीट बघा. आम्ही गरीब होतो असं म्हणायला एक ओळ पुरते आणि ती कोणीही लिहू शकतं. पैसा कुठून आला आणि कशावर गेला, एवढं सांगितलं की अख्खं घर दिसतं: पाळलेलं जनावर, त्याची विक्री, थंडीची चाहूल, रांगेने बसलेली पोरं. कंट्री गाण्यात पैशाचा असा माग काढलेला तपशील जितका काम करतो तितकं एकही विशेषण करत नाही.

दुसरी गोष्ट हातांची. या गाण्यात प्रत्येकाचे हात कशात तरी गुंतलेले आहेत. बाप कोळसा काढतो, आई धुणं धुते. भावनेचं नाव घेतलेलं जवळजवळ नाहीच. प्रेम होतं हे एकदा सरळ सांगितलंय आणि त्या साधेपणामुळे ते पटतं. तुमच्या मसुद्यात भावनांची नावं (दुःख, आठवण, एकटेपणा) किती वेळा आली ते मोजा. अख्ख्या गाण्यात एकदा असेल तर ठीक. त्याहून जास्त असतील तर प्रत्येक नावाच्या जागी कोणाचे तरी हात काहीतरी करताना दाखवा.

हे गाणं मुळात याहून बरंच लांब होतं. निर्माता ओवेन ब्रॅडलीने तिला कडवी कापायला लावली. कापलेली कडवीही खऱ्या आयुष्यातलीच होती, तरी गेली. आयुष्यातून लिहिणाऱ्याला हे सगळ्यात जड जातं. 'हे खरंच घडलं होतं' हे एखादी ओळ ठेवायचं कारण होऊ शकत नाही.

आणि खरं बदलावंही लागतं. मर्ल हॅगर्डचं 'मामा ट्राइड' (1968) बघा. हॅगर्डचा जन्म 1937 चा, कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या ऑइलडेलचा. आईवडील ओक्लाहोमातून पोट भरायला आलेले, मालगाडीच्या डब्याचं घर करून राहिलेले. बाप गेला तेव्हा मर्ल नऊ वर्षांचा होता. पुढे घरफोडीच्या प्रकरणात तो सॅन क्वेंटिन तुरुंगात गेला आणि एकविसावा वाढदिवस तिथेच झाला. इथपर्यंत गाणं आणि आयुष्य बरोबर चालतात. मग गाण्यातला तरुण म्हणतो की त्याला जन्मठेप आहे, पॅरोलशिवाय. हे साफ खोटं. हॅगर्ड 1958 मध्ये आत गेला आणि 1960 मध्ये पॅरोलवर बाहेर आला. 1972 मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर रेगनने त्याला माफीही दिली.

बदल का केला असेल याचा विचार करा, त्यात फार शिकायला आहे. मुलगा दोन-तीन वर्षांत सुटणार असेल तर आईचं दुःख तात्पुरतं ठरतं. मग गाण्यात 'पुढे काय' हा प्रश्न उरतो आणि त्यासाठी आणखी एक कडवं लागतं. सुटकेची वाट बंद केली की आईची सगळी धडपड वाया गेली हे कायमचं ठरतं आणि गाणं तिथेच घट्ट होतं. शिवाय शीर्षकात तुरुंग नाही, आई आहे. दोष परिस्थितीला दिलेला नाही, मुलाने स्वतःवर घेतलाय. बाप लवकर गेल्यावर एकट्या आईने वाढवलेल्या आणि हाताबाहेर गेलेल्या पोराची अपराधाची भावना हाच हॅगर्डचा खरा अनुभव होता. त्याला धक्का लागू न देता त्याने शिक्षेचा आकडा बदलला. तुम्हीही असंच तपासा: जो तपशील बदलल्यावर भूमिका अधिक ठळक होते, तो बदला. जो बदलल्यावर तुम्ही स्वतः अधिक चांगले, अधिक बिचारे किंवा अधिक शूर दिसता, त्याला हात लावू नका.

दोन अनुभव एकत्र करणं ही याचीच पुढची पायरी. डॉली पार्टनने सांगितलंय की 'जोलीन' हे नाव सही घ्यायला आलेल्या एका लाल केसांच्या लहान मुलीचं, आणि मत्सराचं निमित्त बँकेतल्या एका बाईचं, जी तिच्या नवऱ्याशी जरा जास्तच गोड बोलायची. दोघींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. गीतकार टॉम टी. हॉल तर यात मुरलेला होता. 'हार्पर व्हॅली पीटीए' जीनी सी. रायलीच्या आवाजात 1968 मध्ये अमेरिकाभर गाजलं. त्यातली शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या (पीटीए) ढोंगी कमिटीला खडे बोल सुनावणारी आई त्याच्या केंटकीतल्या गावात लहानपणी पाहिलेल्या एका बाईवरून आली, आणि शाळेचं नाव कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलजवळच्या एका शाळेच्या पाटीवरून, थोडं बदलून. नाव बदलण्यात संबंधितांना त्रास होऊ नये हा हेतू असतोच, पण गेयताही असते. खऱ्या नावातली अक्षरं चालीत बसत नसतील तर बसणारं नाव शोधायचं.

लगेच लिहावं की थांबावं? डॉलीने चिंध्यांच्या कोटावरचं 'कोट ऑफ मेनी कलर्स' 1969 मध्ये प्रवासात, बसमध्ये लिहिलं. जवळ कागद नव्हता म्हणून, ज्याच्या टीव्ही कार्यक्रमात ती गायची त्या पोर्टर वॅगनरच्या सुटाच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर. आईने तो कोट शिवला, शिवताना बायबलमधल्या योसेफाची गोष्ट सांगितली आणि शाळेत पोरं हसली, ते सगळं तिच्या बालपणातलं. मधल्या काळात ती हसणाऱ्या पोरांवर चिडायची थांबली असावी, म्हणून कोटाचा अभिमान गाण्यात येऊ शकला. उलट 'आय विल ऑलवेज लव्ह यू' तिने 1973 मध्ये, वॅगनरच्या कार्यक्रमातून बाहेर पडायचा निर्णय ताजा असतानाच लिहिलं, त्यालाच ऐकवण्यासाठी. त्यात ना टीव्ही शो आहे, ना करार, ना भांडणं. फक्त निरोप घेणारी आणि ज्याचा निरोप घ्यायचा तो. म्हणूनच 1992 मध्ये पॉप गायिका व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं तेव्हा कोणाला मूळ प्रसंग माहीत असण्याची गरज पडली नाही. ताज्या जखमेवर लिहायचं असेल तर माझा सल्ला: तपशील टिपून ठेवा, पण गाणं करताना एकच वाक्य समोरच्याला उद्देशून लिहा आणि बाकीचं वर्षभर बाजूला ठेवा. ताज्या रागात लिहिलेल्या गाण्यात समोरचा माणूस सपाट होतो आणि आपण एकटेच बरोबर ठरतो.

आता जागा किती असते ते बघू, कारण खरी शिस्त इथून येते. 4/4 ताल, मिनिटाला 100 ठोके, 3 मिनिटांचं गाणं. म्हणजे 300 ठोके, चार ठोक्यांचा एक बार धरून 75 बार. सुरुवातीचं वादन 4 बार, पहिलं कडवं 16, कोरस (ध्रुवपद) 8, मधला तुकडा 4, दुसरं कडवं 16, कोरस 8, फिडल किंवा स्टील गिटारचा सोलो 8, शेवटचा कोरस 8, उरलेले 3 बार शेवट. दर 2 बारला एक ओळ धरली तर एका कडव्यात 8 ओळी, कोरसमध्ये 4. कोरस तोच तोच येतो, म्हणून नवीन ओळी फक्त 20. इंग्रजीत ओळीला 8 शब्द म्हटले तर सगळे मिळून 160 शब्द. पहिला कोरस 20 बारनंतर, म्हणजे 48 व्या सेकंदाला सुरू होतो. त्याच्या आत कोण बोलतंय, कुठे, कोणाशी, हे कळलं नाही तर ऐकणारा गेला. 160 शब्दांत कोणाचंही चरित्र मावत नाही. एक प्रसंग मावतो, आणि त्याच्या मागे-पुढे एकेक उडी.

तुमची गारपीट या मापात बसवून बघू.

तुमच्या मसुद्यात, तुम्ही लिहिलंय त्यावरून, हे सगळं आहे: ऑक्टोबरची गोडी छाटणी, घडांना लावलेले पेपर, सोसायटीचं कर्ज, फेब्रुवारीतली गारपीट, मण्यांना जखमा होऊन सडलेले घड, बागेकडे न फिरकलेला व्यापारी, पंचनामा, काकांशी वाद, आणि टेक्सासातून केलेला फोन, ज्यात वडील नुकसानीचं बोललेच नाहीत, फक्त "तिकडे पाऊस आहे का?" असं विचारत राहिले. यातलं गाणं त्या शेवटच्या फोनमध्ये आहे. वडील नुकसान सांगत नाहीत आणि मुलाला ते त्यांच्याकडून ऐकायचंय. बोलणारा मुलगा, समोर वडील, वेळ फोनची, आणि मागणं हे की एकदा तरी खरं बोला. चारही उत्तरं मिळाली. वडिलांचा तो प्रश्न इंग्रजीत 'इज इट रेनिंग ओव्हर देअर' असा ठेवला की शीर्षकही मिळालं.

पहिलं कडवं: फेब्रुवारीत निफाडला सकाळचे 6 वाजलेले असतात तेव्हा टेक्सासात आदल्या संध्याकाळचे 6:30. ऑफिसबाहेरचं पार्किंग, स्वच्छ आभाळ, फोनवर मागे मजुरांचा आवाज, क्रेटची आदळआपट. वडील हवेचं विचारतात. गारांचा उल्लेख पहिल्या कडव्याच्या शेवटच्या दोन ओळींतच यावा, तोही आईने दुसऱ्या फोनवर सांगितलेला. कोरस: चार ओळी, शेवटची शीर्षकाची.

दुसऱ्या कडव्यात बहुतेकांची गाडी रुतते. पहिल्यात जे सांगितलं तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा येतं: आणखी नुकसान, आणखी आठवणी. उपाय एकच, काहीतरी हलवा: काळ, जागा किंवा बोलणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट. जॉनी कॅशने 1937 च्या पुरावरचं 'फाइव्ह फीट हाय अँड रायझिंग' कसं बांधलंय पाहा: पाण्याची उंची 2 फूट, मग 3, 4, 5. प्रत्येक वेळी एक फूट, आणि घरातली माणसं हळूहळू निघायच्या तयारीला लागतात. मापच गाण्याचा सांगाडा झालं. तुमच्या गाण्यात दुसरं कडवं मागच्या काळात न्या. तुम्ही दहा वर्षांचे, मांडवाच्या तारेखाली उभे, वडील खराब घड कापून दोन ओळींच्या मध्ये टाकताहेत आणि तुम्ही काही विचारलं की आभाळाकडे बघून हवेचं बोलताहेत. म्हणजे त्यांची ही सवय जुनी, हे कळतं. मग शेवटच्या कोरसमध्ये तोच प्रश्न मुलाने वडिलांना विचारायचा. शब्द तेच, विचारणारा बदलला, आणि मुलाला वडिलांची रीत उमगली हे न सांगता समजलं.

गोडी छाटणी, सोसायटी, पंचनामा, काका, सगळं बाहेर. ते महत्त्वाचं नाही म्हणून नव्हे; अमेरिकन श्रोत्याला प्रत्येकासाठी एकेक ओळ समजावण्यात घालवावी लागेल आणि आपल्याकडे ओळी वीस. तार, कापलेले घड, गारा मात्र जसेच्या तसे चालतात. टेक्सासात फ्रेडरिक्सबर्गच्या आसपास द्राक्षबागा आहेत, आणि गारपीट काय असते ते तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि हो, पिकअप ट्रक, व्हिस्की, मातीचा रस्ता आणि नदीकाठ यातलं काहीही उसनं आणू नका. ज्यांच्या गाण्यात ते आहे त्यातल्या निम्म्यांच्यात सुद्धा ते आता सवयीने येतं. गीतकार क्रिस क्रिस्टोफरसनने 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन'मध्ये एकटेपणा दाखवला तो रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरातून येणाऱ्या कोंबडी तळल्याच्या वासातून. सैन्यातली नोकरी सोडून नॅशव्हिलच्या स्टुडिओत झाडलोट करणाऱ्या माणसाला तो वास कसा लागतो हे त्याला बाहेरून शिकावं लागलं नाही.

चालीबद्दल. गाणं जी या पट्टीत असेल तर जी, सी, डी हे तीन कॉर्ड पुरतात, फार तर एक ई मायनर. पहिल्या दोन कोरसमध्ये प्रश्नाची ओळ डी वर सोडा, म्हणजे ती लटकत राहील. शेवटच्या वेळी तीच ओळ जी वर आणा. कडवं बोलण्याच्या पट्टीत खाली ठेवा, कोरस तीन-चार सूर वर. मराठी बोलणाऱ्यांची इंग्रजी गाण्यातली हमखास चूक म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखं वजन देणं. आपल्या बोलण्यात आघात इतका ठळक नसतो. इंग्रजीत तो चुकला की श्रोत्याला शब्दच ओळखू येत नाही. ओळ आधी नुसती बोला, फोनवर बोलल्यासारखी, आणि ज्या अक्षरांवर आवाज आपोआप जोर देतो त्यांवर पेन्सिलने खूण करा. शीर्षकात 'रेन' आणि 'देअर' यांवर जोर येतो. ते बारच्या पहिल्या किंवा तिसऱ्या ठोक्यावर पडले पाहिजेत. 'इज इट' ठोक्याच्या आधी घाईत जाऊ द्या. खूण केलेलं अक्षर जड ठोक्यावर बसत नसेल तर शब्द बदला, उच्चार ताणू नका. प्रत्येक ओळीनंतर अर्धा बार मोकळा ठेवा, तिथे फिडल किंवा स्टील गिटार उत्तर देते. सगळी जागा शब्दांनी भरली की ऐकणाऱ्याला कळवळायला उसंत मिळत नाही.

चाल उसनी येत नाही ना, हेही बघा. आयुष्याबद्दल लिहिताना लक्ष शब्दांवर असतं आणि ऐकलेली चाल नकळत हाताखाली येते. 'फॉल्सम प्रिझन ब्लूज'मध्ये गॉर्डन जेन्किन्सच्या 'क्रेसेंट सिटी ब्लूज' (1953) मधली चाल आणि काही ओळी आल्या होत्या; पुढे दावा झाला आणि कॅशला सुमारे 75,000 डॉलर देऊन तो मिटवावा लागला. रेकॉर्ड करण्याआधी ज्यांचे कान तयार आहेत अशा दोघा-तिघांना नुसती चाल गुणगुणून ऐकवा.

एकट्याने लिहायलाच हवं असं नाही. नॅशव्हिलमध्ये दोघं किंवा तिघं सकाळी 10-11 ला बसतात आणि तीन-चार तासांत गाणं उभं करतात. यात आयुष्य ज्याचं असतं त्याने कमी लिहायचं आणि जास्त बोलायचं. दुसऱ्याने विचारत राहायचं: तेव्हा तुझ्या हातात काय होतं? ते काय म्हणाले, अगदी त्याच शब्दांत सांग. दार कोणी बंद केलं? ज्याने भोगलंय त्याला काय विशेष आहे ते दिसत नाही, कारण त्याला ते नेहमीचं असतं. तुम्हाला फोनवरचा पावसाचा प्रश्न किरकोळ वाटला तो असाच. आणि अनुभव गाणाऱ्याचा नसला तरी चालतो, फक्त तपशील पक्का हवा. 'द हाउस दॅट बिल्ट मी' टॉम डग्लस आणि ॲलन शॅम्ब्लिन यांनी लिहिलं. पायरीवरच्या सिमेंटमध्ये उमटलेले हाताचे ठसे, अंगणातल्या झाडाखाली पुरलेला कुत्रा, वरची छोटी खोली. हे गाणं गायक ब्लेक शेल्टनकडे आलं होतं. गायिका मिरांडा लॅम्बर्टने ऐकलं आणि मागून घेतलं, कारण त्यात तिला स्वतःचं घर दिसलं. 2010 मध्ये तिच्या आवाजात ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

सहलेखन केलंत तर त्याच दिवशी कागदावर नावं, हिस्सा, तारीख आणि सह्या घ्या. खोलीत असलेल्यांना समान हिस्सा ही नॅशव्हिलची सर्वसाधारण रीत आहे. गाणं कुठे वाजलं की मिळणाऱ्या मानधनाच्या वसुलीसाठी अमेरिकेत एएससीएपी किंवा बीएमआय या संस्था आहेत, दोन्हींपैकी एकाच संस्थेचं सभासदत्व घ्या. प्रकाशनाचा हक्क घाईत देऊ नका. एल्व्हिस प्रेस्लीला 'आय विल ऑलवेज लव्ह यू' गायचं होतं आणि त्याच्या मॅनेजरने निम्मा प्रकाशनहक्क मागितला. डॉलीने नकार दिला. व्हिटनी ह्यूस्टनच्या वेळी तो सगळा हक्क डॉलीचाच होता.

वडिलांना विचारा. जिवंत माणसाच्या तोंडचं वाक्य शीर्षक होणार असेल तर आधी त्यांना गाणं मराठीत समजावून सांगा. कर्जाचा आकडा, काकांचा वाद यासारखं गावात बोललं जाईल असं काही त्यात राहिलं नाही ना, ते त्यांच्याच नजरेने बघा.

मग गाणं तपासायचं ते असं. फक्त गिटार घ्या आणि ज्यांना तुमच्या घरचं काहीच माहीत नाही अशा तिघांना वेगवेगळं ऐकवा. आधी प्रस्तावना करू नका. प्रस्तावना लागते तिथे पहिलं कडवं कमी पडलेलं असतं. नंतर 'आवडलं का' हे न विचारता तीनच गोष्टी विचारा: कोण कोणाशी बोलत होतं, ते दोघं कुठे होते, आणि शेवटचा प्रश्न कोणी विचारला. पहिल्या दोहोंची उत्तरं चुकली तर पहिल्या कडव्याच्या पहिल्या चार ओळी नव्याने लिहा. तिसरं चुकलं तर दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या दोन ओळी बदला, तिथे मुलगा बोलायला तोंड उघडतोय हे दिसलं पाहिजे. दोन्ही वेळा कोरसला हात लावू नका.